दादाच्या शिडाच्या बोटीसाठी भेट काय द्यावी? आणि मुंबईहून पहिल्या हिवाळ्यात कुठवर जावं?

सुवर्णा_ठाणे:

नमस्कार मंडळी. माझा थोरला भाऊ मर्चंट नेव्हीत इंजिनियर होता, गेल्या वर्षी निवृत्त झाला. उन्हाळ्यात त्याने मुंबईत एक २६ फुटी शिडाची बोट घेतली, सेकंडहँड. पावसाळाभर ती किनाऱ्यावर ताडपत्रीखाली होती, आता दिवाळी झाल्यावर पाण्यात उतरली आहे. सगळी नोकरी इंजिनरूममध्ये गेल्यामुळे बोटीचं छोटं डिझेल इंजिन तो झोपेतही खोलून जोडेल, पण शिडांचं शिक्षण आत्ता कुठे सुरू झालंय. शनिवार-रविवार सकाळी गेटवेसमोर फेऱ्या मारतो आणि घरी येऊन वाऱ्याच्या दिशेवर तासभर बोलतो. इतका खुललेला दादा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

तर माझे तीन प्रश्न आहेत. डिसेंबरात, दत्तजयंतीला, त्याची साठी आहे. पंधरा-वीस हजारांत त्याला खरंच उपयोगी पडेल असं काय देऊ? माझा मुलगा रॉटरडॅमला असतो, तो नोव्हेंबरअखेर येतोय, तिकडून काही आणायचं असेल तर आणू शकतो. दुसरं, दादाच्या डोक्यात "मुंबई ते गोवा, एका दमात" असं काहीतरी घोळतंय. वहिनीची झोप उडाली आहे. जाऊच नको असं मला म्हणायचं नाही, पण कसं जावं हे जाणत्या माणसाने सांगावं. तिसरं, शिडाच्या बोटींच्या बातम्या मराठी पेपरात चार ओळींत संपतात. साठीला त्याला बातम्यांची एक कात्रणवही करून द्यायची माझी इच्छा आहे. तिच्यात काय काय घ्यावं?

हर्णेचा_पोऱ्या:

ताई, मी मच्छीमार, आमचं गाव हर्णे. भेटीचं बाकीचे सांगतील. मी जाळ्यांचं सांगतो, कारण मुंबई-गोवा वाटेवर शिडाच्या बोटीला खडकापेक्षा जास्त वेळा आमची जाळीच भेटतात.

पाण्यावर थर्माकोलचा तुकडा, प्लास्टिकचा कॅन किंवा बांबूला बांधलेलं फडकं दिसलं की खाली जाळं आहे असंच धरा. एका रेषेत दोन झेंडे दिसले तर त्यांच्या मधून जाऊ नये. शेवटचा झेंडा शोधून त्याला बाहेरून वळसा घालायचा. रात्री काही जाळ्यांवर लुकलुकणारा दिवा असतो, काहींवर काहीच नसतं. मुंबईजवळ आणि उत्तरेकडे डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं, लावतात, तिचे खुंट समुद्रात रोवलेले असतात, ते तर अंधारात अजिबात दिसत नाहीत. म्हणून पहिल्या वर्षी रात्रीचा प्रवास नको, एवढं दादांना माझ्याकडून सांगा.

आणि अडकलेच तर इंजिन तत्क्षणी बंद, शिडं सैल. पंखा फिरत राहिला की जाळं शाफ्टवर घट्ट आवळत जातं. जवळ होडी असेल तर हाक मारा, हात हलवा, आम्ही येतो. सुरी चालवायची वेळ आलीच तर कापलेली दोन्ही टोकं पुन्हा गाठ मारून सोडा. एका जाळ्यात लाखभर रुपये सहज गुंतलेले असतात. टोकं बांधलेली मिळाली तर तेवढं तरी वाचतं.

माझ्याकडून भेट सुचवायची तर चांगली दातेरी सुरी, दोरीने कमरेला बांधता येईल अशी. गुळगुळीत पात्याने ओला नायलॉन कापायला फार वेळ जातो.

मतलई:

ताई, मी रत्नागिरीत शिडं शिवतो. आजोबा मचव्यावर तांडेल होते, मंगळुरी कौलं भरून वर यायचे. वडील त्या मचव्यांची सुती शिडं शिवायचे. आता मचवे गेले आणि मी तुमच्या दादांसारख्यांच्या बोटींची पॉलिस्टरची शिडं दुरुस्त करतो. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या बोटी वाटेत माझ्याकडे थांबतात, फाटलेलं दाखवतात, आणि कुणाला काय नडलं ते माझ्या कानावर येत राहतं.

आधी काय घेऊ नये ते सांगतो. पितळी होकायंत्र, सुकाणूच्या चाकाचं घड्याळ, नांगर छापलेले मग, कप्तानाची टोपी यातलं काही नको. खाऱ्या हवेत पितळ हिरवं पडतं आणि २६ फुटांच्या बोटीत शोभेला जागाच नसते.

पंधरा-वीस हजार खर्चायचे तर ते सगळे एकाच गोष्टीवर खर्चा: आपोआप फुगणारं लाइफ जॅकेट, ज्यात हार्नेस (छातीभोवतीचा मजबूत पट्टा) शिवलेलाच असतो ते, आणि सोबत बोटीला बांधून घ्यायचा पट्टा, ज्याला टेदर म्हणतात. कारण सांगतो. पाच नॉट वेगाने चाललेली बोट एका मिनिटात दीडशे मीटर पुढे जाते. एकटा माणूस पाण्यात पडला तर बोट थांबवायला वर कुणी नाही. दोघं असले तरी शिडं आवरून, बोट वळवून परत येईपर्यंत लाटांमध्ये नारळाएवढं डोकं शोधायचं असतं. जॅकेट माणसाला तरंगत ठेवेल, पण टेदर त्याला बोटीवरच ठेवतो. वहिनींची झोप परत आणायची असेल तर हाच रस्ता. "डेकवर पाऊल टाकायच्या आधी आकडा अडकवायचा" असं दादांकडून वचन घ्या. साठीच्या दिवशी मागितलेलं मोडणार नाहीत.

जॅकेट घेताना बघायच्या गोष्टी: १५० न्यूटन ताकदीचं असावं. मांड्यांमधून घ्यायचा पट्टा असायलाच हवा, नाहीतर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली राहतो. टेदरचा छातीकडचा आकडा भार असतानाही सुटेल असा असावा.

पैसे उरले तर शीड शिवायचं सामान द्या. हे माझ्या धंद्याचं म्हणून सांगत नाही. रत्नागिरी आणि विजयदुर्गाच्या मध्ये शीड उसवलं तर मी तिथे नसणार. तीनधारी दाभण, मेण लावलेला जाड पॉलिस्टरचा दोरा, चिकटवायचं शिडाचं कापड, आणि तळहातावर चढवायचा चामडी पट्टा एवढं पुरे. त्या पट्ट्याला अंगठ्याच्या बुडाशी खाचा पाडलेली एक लोखंडी चकती असते. दाभणीचं बूड त्या चकतीवर टेकवून सगळ्या हाताच्या जोराने ढकलायचं, म्हणजे शिडाच्या कोपऱ्यातल्या आठ-आठ पदरांतूनही दाभण पार जाते. बोटांनी ढकलायला गेलात तर ती कापडात नाही, बोटात शिरते. पट्टा घेताना दादा डावखुरे आहेत का ते बघा, दोन्ही हातांचे वेगळे मिळतात.

जुन्या बोटीची शिडं आहेत म्हणून आणखी एक सांगतो. आपल्या उन्हात शिडाचं कापड आधी जात नाही, आधी दोरा जातो. दादांना सांगा, पुढचं शीड पूर्ण उघडून मागच्या कडेच्या टाक्यांवरून अंगठ्याचं नख जोरात ओढायचं. गुंडाळून ठेवलेल्या शिडाची ती कड वर्षभर ऊन खात असते. दोरा शाबूत राहिला तर ठीक. भुगा होऊन निघाला तर कापड कितीही पांढरंशुभ्र दिसो, पहिल्या झोताला ती शिवण वरपासून खालपर्यंत उघडणार. गोव्याला निघायच्या आधी ती नव्याने शिवून घ्यायची. आणि पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी शिडं काढताना गोड्या पाण्याने धुऊन, खडखडीत वाळवून ठेवायची. मीठ राहिलं की ते हवेतली ओल ओढून घेतं आणि चार महिन्यांत कापडावर काळे ठिपके पडतात, ते मग जात नाहीत.

वाटेचं उद्या लिहितो, हातात काम आहे.

मुक्ता_ॲमस्टरडॅम:

सुवर्णाताई, मी इथे आयसलमेर या तळ्यावर शिडं हाकते. मतलई म्हणाले तसं जॅकेट तुमच्या मुलाला इथून नक्की आणता येईल. शंभर-दीडशे युरोंत चांगलं मिळतं. दोन सूचना.

फुगवायची यंत्रणा दोन प्रकारची असते. एकात पाण्यात विरघळणारी गोळी असते, दुसरी पाण्याच्या दाबावर चालते. मुंबईच्या दमट हवेत गोळीचं जॅकेट कपाटात टांगल्याटांगल्याही फुगू शकतं, म्हणून दाबावर चालणारं घ्या, थोडं महाग पडलं तरी. विमानात त्यातल्या गॅसच्या नळकांडीला परवानगी मिळते, पण विमान कंपनीला आधी कळवून होकार घ्यावा लागतो. विमानतळावर जाऊन विचारू नये.

दुसरी सूचना जास्त महत्त्वाची. इथल्या दुकानात मुलाला कुणीतरी हमखास सांगेल की मामाला उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र ने. गार्मिनचं इनरीच वगैरे इथे सगळे सर्रास वापरतात. भारतात ते आणू नका. उपग्रह फोन आणि असली यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि ती सामानात सापडली म्हणून विमानतळावर परदेशी प्रवाशांना ताब्यात घेतल्याच्या बातम्या आलेल्या आहेत. संकटात उपयोगी पडणारं यंत्र हवं तर बोटीचा ईपर्ब घ्यावा, तो भारतात घेऊन, रीतसर नोंदवून. ४०६ मेगाहर्ट्झवरचा त्याचा संकेत उपग्रहामार्फत बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात पोचतो आणि तिथून तटरक्षक दलाला कळतं. व्हीएचएफ रेडिओलाही परवाना लागतो, पण तो दादांनी काढावाच. वाहिनी १६ सगळी जहाजं ऐकत असतात. फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक दादांच्या आणि वहिनींच्या, दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.

दादा कधी लेकाकडे... म्हणजे तुमच्या लेकाकडे, भाच्याकडे आले तर त्यांना होर्न आणि एंकहाउझेनला पाठवा. १९३२ साली बांध घालून समुद्राचं तळं केलं, त्यामुळे भरती-ओहोटी नाही, खोली कमी, आणि दर दोन-तीन तासांवर जुनं बंदर. शिडं शिकायला याहून चांगलं पाणी मी पाहिलेलं नाही. केप हॉर्नला नाव मिळालं ते याच होर्न गावावरून, १६१६ साली.

सुवर्णा_ठाणे:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! मुलाला इनरीच आणू नको असं लगेच कळवलं. त्याने खरंच ते बघून ठेवलं होतं. दादा डावखुरा आहे, हे मतलईकाकांनी विचारलं नसतं तर माझ्या लक्षातही आलं नसतं. आता वाटेची वाट बघते.

मतलई:

ताई, वाटेचं सांगतो. जरा लांबेल.

मुंबई ते गोव्याचं आग्वाद म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास सागरी मैल. २६ फुटी बोट सरासरी चार-पाच नॉट धरली तर न थांबता दोन दिवस-दोन रात्री. माणूस एकटा किंवा एक सोबती, जाळी अंधारात, मोठ्या जहाजांची ये-जा. हे पहिल्या हिवाळ्यात करू नये. आणि करायचं तरी कशाला? आपला किनारा दर तीस-चाळीस मैलांवर एक खाडी देतो. गलबतं आणि मचवे याच खाड्यांतून थांबत थांबत गेले.

वारा समजून घेतला की सगळं वेळापत्रक आपोआप ठरतं. डिसेंबर-जानेवारीत उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीवरून मतलई वारा येतो, पूर्व-ईशान्येचा. समुद्र सपाट असतो आणि बोट कडेच्या वाऱ्यावर सुरेख चालते. दहा-अकराला तो मरतो. मग तास-दोन तास शिडं लोंबतात, तेव्हा दादांचं डिझेल. दुपारी खारा वारा वायव्येकडून भरतो, तो मावळतीपर्यंत. म्हणजे दक्षिणेला जाताना दोन्ही वारे आपले. पहाटे पाचला नांगर उचलायचा आणि दुपारी तीन-चारला पुढच्या खाडीत टाकायचा. परत येताना मात्र दुपारचा वायव्येचा वारा तोंडावर येतो. म्हणून परतीला सगळं अंतर मतलईवर काढायचं, अकराला जिथे असाल तिथे आत शिरायचं. परतीला जाण्याच्या दीडपट-दुप्पट दिवस धरा. हे न धरल्यामुळे गोव्याला बोट सोडून ट्रेनने मुंबईला जाणारे मी पाहतो.

आता थांबे. मुंबईहून जंजिरा, चाळीसेक मैल. किल्ल्याच्या आतल्या अंगाला राजपुरीची खाडी आहे, तिथे नांगर चांगला बसतो. दुसऱ्या दिवशी हर्णे, तीसेक मैल. सुवर्णदुर्ग दिसला की थांबायचं. संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघायचा, बर्फ-पाणी घ्यायचं, आणि वरच्या पोऱ्याला भेटायचं. बाणकोट आणि दाभोळ मध्ये येतात, खाड्या सुंदर आहेत, पण दोन्हींच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीला बाहेर येणारं पाणी आणि समोरून लाट, असं जमलं की तिथे पाणी उकळल्यासारखं उभं राहतं. पाण्याखाली सव्वा-दीड मीटर बुडणाऱ्या बोटीने पहिल्या वर्षी तिथे जाऊ नये. त्याऐवजी थेट जयगड. शास्त्री नदीचं मुख रुंद आणि खोल आहे, मोठी जहाजं ये-जा करतात, त्यांच्या वाटेतून बाजूला होऊन किल्ल्याच्या आत नांगर टाकायचा. जयगडहून रत्नागिरी वीसेक मैल, अर्ध्या दिवसाचं काम. भगवती बंदराच्या टेकडीखाली आलात की मला फोन. त्या नखाच्या परीक्षेत शीड नापास झालं असेल तर एका दिवसात शिवून देतो.

रत्नागिरीहून विजयदुर्ग. ताई, मला विचाराल तर सगळ्या प्रवासाचं सार्थक इथे आहे. गोव्याला नाही पोचलात तरी चालेल, पण विजयदुर्गला दोन रात्री राहा. वाघोटणच्या खाडीला तोंडाशी दांडा नाही, पाणी खोल, आणि किल्ल्याच्या आत वळलं की समुद्राची हालचाल थांबते. भरतीबरोबर छोट्या होडीने खाडीत वर गेलं की गिर्ये बाजूला आंग्र्यांच्या आरमाराची गोदी आहे, खडक फोडून काढलेली. मराठी माणूस शिडाच्या बोटीने तिथे पोचतो तेव्हा त्याला जे वाटतं ते गाडीने आलेल्याला वाटत नाही. गाडीवाला किल्ला रस्त्याकडून बघतो. किल्ला बांधलाय पाण्याकडून येणाऱ्यासाठी. समुद्रातून त्याचे तीन तट एकामागे एक उलगडत जातात.

पुढे देवगड दहा-बारा मैलांवर, बंद दारासारखं सुरक्षित बंदर. मालवण वीस मैल. मालवणात मात्र स्वतः शिरू नका. सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडकांची रांग आहे, महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाचा दगड बसवला तो हीच जागा हेरून. आजही वाट गाववाल्यांनाच ठाऊक. बाहेर थांबून होडीवाल्याला बोलवा, त्याच्या मागून जा. वेंगुर्ल्याच्या बाहेर खडकांचा पुंजका आहे, त्यावर दीपगृह आहे, पाकोळ्यांची घरटी आहेत. तो दिवसा बघायचा आणि लांबून. मग आग्वाद.

दोन गोष्टी राहिल्या. प्रत्येक थांब्याच्या आधी तिथल्या बंदर कार्यालयाला आणि सागरी पोलिसांना कळवायचं, कागद हाताशी ठेवायचे. ते विचारतात ते बरोबरच आहे, आपल्या किनाऱ्याने काय भोगलंय ते सगळ्यांना माहीत आहे. आणि मार्चनंतर दुपारचा वायव्य वारा जोर धरतो, मेमध्ये वादळांचे दिवस येतात. जायचं ते डिसेंबर ते फेब्रुवारी.

मांडवीकाठ:

कात्रणवहीसाठी मी लिहितो. मी गोव्यात मांडवीकाठी राहतो, यातल्या बऱ्याच बोटी माझ्यासमोरून गेल्या-आल्या आहेत.

पहिलं पान 'सुहैली'चं करा. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६९ साली एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा पुरी करणारा पहिला माणूस ठरला, ते सगळ्यांना माहीत असतं. त्याची ३२ फुटी बोट मुंबईत बांधलेली, आपल्या सागवानाची, हे फार कमी जणांना माहीत असतं. त्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ जण उतरले होते आणि पूर्ण केली ती एकट्या या बोटीने. तुमच्या दादांची बोट ज्या पाण्यात उभी आहे तिथलीच ती.

मग 'म्हादेई'. ५६ फुटी, आराखडा डच (मुक्ताताईंना आनंद होईल, व्हॅन डी स्टाटचा), बांधली मात्र इथे दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी. दिलीप दोंदे तिच्यावरून १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला परत आले. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी त्याच बोटीने न थांबता फिरून आले, २०१२-१३ मध्ये. टॉमींना मात्र दोन पानं द्या. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत 'सुहैली'च्याच नमुन्यावर गोव्यात बांधलेल्या 'थुरिया'ची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागराच्या वादळात मोडली, पाठीचा कणा जायबंदी झाला, फ्रेंच जहाजाने सोडवलं. तोच माणूस २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरला आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरा आला. पहिली आली ती कर्स्टन नॉइशेफर, अशी शर्यत जिंकणारी पहिली स्त्री.

'तारिणी' ही 'म्हादेई'ची धाकटी बहीण. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा जणी तिच्यावरून जगप्रदक्षिणा करून आल्या. नंतर दिलना आणि रूपा या दोघीच २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ ला परतल्या, तिन्ही मोठ्या केपना, म्हणजे भूशिरांना, वळसा घालून. दोघींनी मिळून, म्हणजे एक झोपली की दुसरी अख्खी बोट एकटीने सांभाळते. मतलईंनी टेदरबद्दल लिहिलंय ते या दोघींच्या रोजच्या जगण्याचा भाग होतं.

ताजी बातमी 'त्रिवेणी'ची. लष्कर, नौदल आणि हवाई दल मिळून दहा महिला अधिकारी ११ सप्टेंबर २०२५ ला गेटवेवरून जगप्रदक्षिणेला निघाल्या, नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर यांचं. हे पान अर्धं कोरं ठेवा, त्यांच्या परतीचं दादांनी स्वतः भरावं.

आणि एक 'कौंडिण्य'. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातलं जहाज बघून, खिळे न मारता, फळ्या काथ्याने शिवून बांधलेलं जहाज. २१ मे २०२५ ला कारवारला नौदलात आलं. अजिंठ्याच्या त्या चित्राची छापील प्रत शेजारच्या पानावर चिकटवा.

शेवटचं कात्रण जुलै २०२५ चं. युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. मतलईंच्या वाटेवरचे चार. दादा तिथे पोचतील तसतसे फोटो लावता येतील.

सुवर्णा_ठाणे:

मांडवीकाठ, वही घेऊन आजच बसते. दादाला वाटेचं वाचून दाखवलं. पाच मिनिटं गप्प होता, मग नकाशा काढून विजयदुर्गला पेन्सिलीने गोल केला. "एका दमात" हा शब्द त्यानंतर आलेला नाही. वहिनी म्हणाली, रत्नागिरीपासून पुढे मीही येते.

मतलईकाका, एक शेवटचं. जंजिऱ्याच्या आधी एखादी दिवसाची फेरी करायची म्हणतोय. साठीच्या दिवशी, ४ डिसेंबरला, खांदेरीला जाऊन यावं का? आम्ही सगळे सोबत असू.

मतलई:

खांदेरी उत्तम, गेटवेहून बारा-तेरा मैल. पण ४ तारखेला पौर्णिमा आहे, तो दिवस टाळा. आमच्याकडे जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला अकरा-बाराच्या सुमारास भरती आणि तीही उधाणाची. म्हणजे सकाळी निघताना सगळं पाणी बंदरात शिरत असणार, तुमच्या समोरून. परत फिराल तेव्हा जोरात बाहेर पडत असणार, पुन्हा समोरून. घरच्या मंडळींना घेऊन दोन्ही वेळा प्रवाहाशी झगडण्यात मजा नाही.

त्यापेक्षा पुढच्या आठवड्यात कृष्ण अष्टमी घ्या, १२ डिसेंबर, शुक्रवार. आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाच्या आसपास भरती पुरी होते, मग दुपारपर्यंत ओहोटी तुम्हाला बाहेर नेते आणि पाठीशी मतलई असतो. दुपारी पाणी फिरलं की भरती आत आणते आणि तोवर खारा वारा सुटलेला असतो. शिवाय भांगाचं पाणी, प्रवाह मवाळ. तरी निघायच्या आदल्या रात्री मुंबई बंदराचा भरतीचा तक्ता बघाच, पाऊणपट ही तोंडी अडाख्याची गोष्ट आहे.

खांदेरी आणि उंदेरीच्या मधून जाऊ नका, तिथे खडक आहेत. खांदेरीला पश्चिमेकडून लांबून वळसा घाला, दीपगृह आणि तट दोन्ही नीट दिसतात. उतरायचं असेल तर परवानगीचं आठवडाभर आधी विचारून ठेवा. बोटीवर जितकी डोकी, तितकी लाइफ जॅकेटं, वहिनी आणि मुलं धरून. साधी चालतील, पण अंगात घातलेली, बाकाखाली ठेवलेली नकोत. आणि निघायच्या आधी त्या नखाने शिवण बघून मला कळवा.